ई-पुस्तक मैत्रिणीला कसं द्यायचं?

प्रश्न : विकत घेतलेलं ई-पुस्तक मैत्रिणीला पाठवता येत नाही. त्याचं डिजिटल कुलूप तोडलं तर चालेल का?

उत्तर : नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या कलम 65-अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूनं असं करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाचकाची तक्रार मात्र रास्त आहे. पैसे मोजूनही बहुधा हाती येतो तो फक्त वाचण्याचा परवाना. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉननं ऑरवेलच्या ‘1984’ची एक आवृत्ती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती, पैसे परत दिले, पण पुस्तक गेलंच!

लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी भारतात पुस्तक हक्कमुक्त होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. त्यामुळे ‘श्यामची आई’ची मूळ संहिता कितीही जणांना खुशाल पाठवावी.

नवं पुस्तक असेल, तर सरळ आपलं किंडलच आठवडाभर मैत्रिणीकडे द्यावं.