परत गेलेला डबा

चि. बाळ यास,


परवा तुझ्या आईचा फोन आला, रडत होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिवाळीचा फराळ पाठवला आणि तू ‘आम्ही ख्रिस्ती, आम्हांला चालत नाही’ म्हणत डबा दारातूनच परत केलास, असं तिच्या कानावर आलंय. खोटं असेल तर हे पत्र फाडून टाक. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच.

प्रसाद घ्यायला तुझं मन कचरत असेल तर मी आग्रह धरणार नाही. पण चकली-शेव म्हणजे प्रसाद नव्हे. आपल्याकडे नाताळात तरी काय होतं? करंज्या, शंकरपाळे, चकल्याच ना? तुझी आजी ताटं झाकून सगळ्या आळीत पाठवायची. कोणी परत केलं का कधी? करिंथकरांस पहिलं पत्र, दहावा अध्याय काढ. कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा, असंच पौल सांगतो. त्याच्याहून कडक व्हायला तुला कोणी सांगितलं?

दुसरी गोष्ट तर फारच लागली. टाळ-मृदंगावरची भजनं ख्रिस्ती नव्हेत, असं तू तरुण संघात बोललास म्हणे. अरे, ज्या नगर शहरात तू शब्बाथ शाळेत गेलास, तिथेच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं उपासनेत गातच तू मोठा झालास. आपल्या आबांचीही कीर्तनाची वही होती. मला तुझ्या वयात इंग्रजी चालींचं वेड. ती वही उतरवून घ्यायची राहून गेली. आबा गेले आणि चालीही गेल्या. ती चुटपुट अजून जात नाही, म्हणून तुला बोलते.

टिळकांचंच बघ. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात त्या टिळकांकडे परत आल्या त्या सोवळं घेऊनच, आणि टिळकांनी ते पाळू दिलं. कोणाचं ताट दूर लोटून त्यांनी आपला ख्रिस्त दाखवला नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. आणि दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या. लोकांनी त्यांचा ख्रिस्त ओळखला तो तिथे.

तुझा कुठे ओळखावा, बाळ? तू दशांश न चुकता देतोस, उपास करतोस, चांगलं आहे. पण भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा पगार वेळेवर देतोस ना? त्या आजारी पडल्या तर पैसे कापत नाहीस ना? ऑफिसात कोणाच्या जातीवरून हसणं चालू झालं तर तिथून उठतोस का? काकूंचे यजमान दवाखान्यात होते तेव्हा तू विचारपूस केलीस का? मंडळीच्या वहीत यातलं काही लिहिलं जात नाही, पण शेजारी आपल्याला यावरूनच ओळखतात. काकूंनी पहाटे उठून चुलीपाशी बसून केलेला फराळ तो. डबा हातात परत आला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हेच राहून राहून मनात येतं.

फार बोलले. तुझे वडील गेल्यावर तुझ्या प्रार्थनागटातल्या लोकांनीच तुला धरून ठेवलं, ते रात्री-अपरात्री तुझ्याजवळ बसले, हे मी विसरले नाही. त्यांचे उपकारच आहेत. तुझी श्रद्धा खरी आहे, तीही मला प्यारी आहे. ती कोणाला बोचू नये, एवढंच.

काकूंकडे एकदा जाऊन ये. काय बोलावं सुचलं नाही तरी चालेल, चहा घे आणि बस. नाताळला लवकर ये, आईला करंज्यांना हात हवा आहे आणि मला तू डोळ्यांपुढे हवा आहेस. खोकला कमी झाला का, रात्री जेवतोस का, ते कळव. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते.

तुझी,
आत्या