प्रवेश आणि शिष्यवृत्ती : शब्दांचे अर्थ समजून घेऊ या

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तरुण भीमरावांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड ही तिची रक्कम आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी ही तिची अट. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून बाबासाहेबांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर.

अट, मुदत, साहाय्य, कर्ज. आपल्या मुलांच्या अर्जांतही हेच शब्द येतात. मिरा-भाईंदरमध्ये राहून लोकलने कामाला जाणाऱ्या पालकांना हे अर्ज सायबर कॅफेत घाईने भरावे लागतात आणि एका शब्दाच्या गैरसमजामुळे हक्काचे साहाय्य हातचे जाते. म्हणून या शब्दांचा हा छोटा अभ्यास.

प्रवेशाचे शब्द

अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे सीईटी घेतली जाते. त्यानंतरच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला ‘कॅप’ म्हणतात. तीत महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती गोठते. पुढील फेरीत बदल करता येत नाही. म्हणून खरोखर हवे असलेले महाविद्यालयच प्रथम लिहावे.

‘व्यवस्थापन कोटा’ म्हणजे संस्थेने आपल्या स्तरावर भरावयाच्या जागा. या जागेवर प्रवेश घेणाऱ्यास शासकीय शिष्यवृत्ती वा शुल्कमाफी सहसा मिळत नाही. ‘जागा लगेच मिळते’ एवढ्यावर भुलून निर्णय घेऊ नये. ‘अल्पसंख्याक कोटा’ हा संबंधित महाविद्यालय ज्या भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याकांचे आहे, त्यांच्यासाठीच असतो. बौद्ध हा राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक समुदाय असला, तरी प्रत्येक अल्पसंख्याक महाविद्यालयात हा कोटा आपल्याला लागू होत नाही.

कागदपत्रांचे शब्द

‘जातीचे प्रमाणपत्र’ आणि ‘जात वैधता प्रमाणपत्र’ हे दोन वेगळे दाखले आहेत. पहिला सक्षम महसूल अधिकारी देतो, दुसरा जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी दोन्ही लागतात.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, खानदेश व कोकणातून येथे आली आहेत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० रोजी आपले पूर्वज जेथे कायमचे राहत होते, तेथील अधिकाऱ्याकडूनच जातीचे प्रमाणपत्र मिळते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना महसुली उतारा अशा पुराव्यांसाठी गावी जावे लागते. हे काम बारावीच्या निकालानंतर होणारे नव्हे. अकरावीतच हाती घ्यावे. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या. मात्र केंद्रीय संस्थांसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा.

‘उत्पन्नाचा दाखला’ तहसील कार्यालयातून मिळतो. ‘नॉन-क्रीमिलेयर’ प्रमाणपत्र अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. ते इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती आदींसाठी असते.

साहाय्याचे शब्द

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ साली सुरू झालेली ही योजना आजही आपला मुख्य आधार आहे. पालकांची वार्षिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी करावा लागतो. शिक्षण शुल्क व निर्वाह भत्ता असे तिचे दोन भाग आहेत. रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, तेव्हा त्यातील शुल्काचा भाग महाविद्यालयाचा आहे, घरखर्चाचा नाही, हे ध्यानात ठेवावे.

फ्रीशिप : उत्पन्न अडीच लाखांहून अधिक असल्यास निर्वाह भत्ता मिळत नाही, परंतु शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती मिळू शकते. ‘आपले उत्पन्न जास्त आहे, आता काही मिळणार नाही’ असे समजून अर्जच न करणे, ही नेहमीची चूक.

स्वाधार योजना : शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाह यांसाठी रक्कम मिळते. विद्यार्थी महाविद्यालयाच्या शहरातील स्थानिक रहिवासी नसावा, ही तिची महत्त्वाची अट.

शैक्षणिक कर्ज : हे परत करावयाचे असते. पालक सह-कर्जदार होतात. ‘मोराटोरियम’ म्हणजे हप्ते सुरू होण्यापूर्वीची सवलतीची मुदत, साधारणतः अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतर एक वर्ष. हप्ता नसला, तरी या काळात व्याजाची आकारणी सुरूच असते. म्हणून शिष्यवृत्ती आधी, कर्ज नंतर.

स्वाध्याय

कोणत्याही अर्जावर सही करण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत : ही रक्कम परत करावयाची आहे काय? तिची अट कोणती? मुदत केव्हा संपते? पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा लागेल काय?

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण हे अर्ज भरले आहेत, रांगेत उभे राहिला आहात. आपल्या वस्तीतील एका तरी अकरावीच्या मुलाजवळ बसून त्याची कागदपत्रे तपासून द्यावीत. त्या एका सायंकाळीमुळे त्याचे एक शैक्षणिक वर्ष वाचू शकते.