असन्निधानीचा उद्यम

माणूस एखाद्या कार्यास मोठ्या उमेदीने लागतो, काही काळ ते त्याच्याकडून आपसूक होत राहते, आणि पुढे असे दिवस येतात की हात तेच करीत असतात, परंतु चित्त त्यात नसते. वासनिकांना हा अनुभव नोकरी, शेती, व्यापार यांच्या संबंधाने येतो. भिक्षुकांना तो विजनात बसल्या बसल्या येतो. गाठी ओढल्या जातात, नाम ओठांवर असते, आणि ध्यानात एकही लीळा उभी राहत नाही. हा विषय संसाराचा, त्याचा परमार्गाशी काय संबंध, असे म्हणून तो बाजूस सारण्याचा प्रघात आहे. तो योग्य नव्हे. ज्या मार्गाचा प्रथम पिढीनंतरचा सारा इतिहास ईश्वराच्या असन्निधानात घडला, त्या मार्गाला या प्रश्नाचा विचार पहिल्यापासूनच करावा लागला आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानात जे जीव आले त्यांपैकी अनेकांना आधी वेध झाला, मग बोध. वेध म्हणजे ईश्वराकडे चित्ताचे अनिवार ओढले जाणे. त्यात जीवाचे कर्तृत्व काही नाही; लोखंडाला चुंबकाकडे जाताना जेवढे श्रम पडतात तेवढेच जीवाला वेधात पडतात. आचार्य श्रीनागदेवांना स्वामींनी स्थितीचा अनुभव दिला, आणि त्या स्थितीचा भंगही त्यांना अनुभवावा लागला. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. जे देणे सर्वस्वी ईश्वराचे होते ते सरले, यात जीवाचा अपराध असतोच असे नाही. बोधाचे मात्र तसे नव्हे. ज्ञान एकदा दिल्यावर ते राखणे, आठवणे आणि त्याप्रमाणे वागणे हे जीवाकडे सोपविले गेले. म्हणूनच सूत्रपाठात आचारप्रकरणाला आणि आचारमालिकेला इतके मोठे स्थान आहे. वेध टिकणारच असता तर आचार सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते.

लौकिक कार्यातील आरंभीचा उत्साह वेधाच्या जातीचा असतो, एवढेच साम्य येथे घ्यावयाचे. तो कोणाच्या तरी सन्निधानातून येतो. कधी चांगला वरिष्ठ लाभलेला असतो, कधी सोबती उमेदीचे असतात, कधी कार्याचे नवेपणच सन्निधानाचे काम करते. ते दूर झाले की उत्साह ओसरतो, आणि माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर तो कार्यच चुकीचे होते असे ठरवितो, नाही तर उत्साह परत येईल तेव्हा काम करू म्हणून वाट पाहत बसतो. दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती श्रद्धेसारखी दिसते.

लौकिकातील एक दृष्टान्त ठाणे जिल्ह्यातील सिद्धगडाचा आहे. हा गड मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या रांगेत, भीमाशंकरच्या अरण्याच्या पश्चिम कडेस उभा आहे. स्वामींच्या परिभ्रमणातील स्थान म्हणून त्याची गणना नाही. तेव्हा स्थानवंदनाच्या दृष्टीने त्याचा येथे उल्लेख नाही. दिनांक ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत राष्ट्रीय चळवळीचे पुढारी एकाच वेळी पकडले गेले. गावोगावचे कार्यकर्ते एका रात्रीत असन्निधानात आले. पुढे काय करावे हे सांगणारे बहुतेक जण बाहेर राहिले नव्हते. काहींनी पुढारी सुटेपर्यंत थांबावे असे ठरविले. माथेरानचे भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल (जन्म १ डिसेंबर १९१२) हे व्यवसायाने वकील. कर्जतच्या परिसरात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणे, मुलांसाठी शाळा चालविणे अशी कामे त्यांनी आधीपासून अंगावर घेतली होती. त्यांनी आपल्या भागातील माणसे गोळा करून आझाद दस्ता उभा केला. मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडणे हे या दस्त्याचे मुख्य काम. पुढे दस्ता सिद्धगडाच्या रानात आश्रयाला आला, आणि तेथेच २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना मरण आले. गडाच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे आणि दर वर्षी २ जानेवारीला तेथे लोक जमतात.

परमार्गात किडामुंगीचीही हिंसा निषिद्ध आहे. तेव्हा शस्त्र हाती घेण्याच्या मार्गाचे समर्थन येथून काढू नये. दृष्टान्त एकदेशी असतो. आचार्य केशिराजव्यासांनी दृष्टान्तपाठात एकशे चौदा दृष्टान्त योजिले, आणि प्रत्येकाला दार्ष्टान्तिकाची जोड दिली ती याचसाठी की ऐकणाऱ्याने दृष्टान्ताचे भलतेच अंग धरू नये. सिद्धगडाच्या प्रसंगातून घ्यावयाचे ते इतकेच, की सन्निधान तुटल्यावर ज्यांना कार्याचा पूर्वीचा संबंध धरून ठेवता आला त्यांना आदेशाची वाट पाहावी लागली नाही. धान्यकोठी आणि शाळा यांच्या निमित्ताने माणसांशी जडलेला संबंध १९४२ पूर्वीचा होता. त्याच्या आधारावर पुढचे उभे राहिले.

आता मुख्य उदाहरणाकडे वळावयाचे. स्वामींनी उत्तरापंथे बिजे केल्यावर भटोबासांची, म्हणजे आचार्य श्रीनागदेवांची, जी अवस्था झाली ती परंपरेत सुपरिचित आहे. वियोगाचे दुःख असे होते की देहाची शुद्ध राहिली नव्हती. मार्गाचा सर्व भार ज्याच्यावर येणार तोच पुरुष त्या वेळी काहीही करण्याच्या स्थितीत नव्हता. त्या अवस्थेतून ते बाहेर कसे आले? नवा वेध झाला असे कोणी सांगत नाही. स्वामींची आज्ञा होती की परमेश्वरपुरास, म्हणजे विदर्भातील रिद्धपुरास, श्रीगोविंदप्रभूंकडे जावे. त्याप्रमाणे ते आणि इतर भक्तजन तेथे गेले आणि श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढील अनेक वर्षे ही सेवा चालली. तिचे स्वरूप पाहिले तर पाणी आणणे, रांधणे, वाढणे, श्रीप्रभू जेथे जातील तेथे मागोमाग जाणे, एवढेच दिसते. श्रीप्रभूंची चेष्टा अतर्क्य. केव्हा रागावतील, केव्हा हसतील, कोणाच्या घरात शिरतील याचा नेम नसे. जो सेवक केवळ समाधानासाठी सेवा करील त्याला तेथे फार दिवस राहता आले नसते. महदाइसांसारख्या जाणत्या, ज्यांच्या धवळ्यांनी मराठी काव्याचा प्रारंभकाळ भूषविला, त्याही याच किरकोळ दिसणाऱ्या कामांत होत्या. मोठे दुःख लहान कामाने झाकले गेले, असा याचा अर्थ कोणी करील, पण तो अपुरा आहे. स्वामींचे सन्निधान गेले होते, स्वामींचा संबंध गेला नव्हता. आज्ञा हा त्या संबंधाचा धागा होता, आणि तो धागा पाण्याच्या घागरीपर्यंत पोहोचला होता.

याच रिद्धपुरात पुढे जे घडले त्यावर प्रत्येक अभ्यासकाने थोडा वेळ थांबावे. सराळ्याचे म्हाइंभट हे शास्त्रांत निपुण, वादात जिंकण्याच्या ईर्षेने आलेले आणि शरण होऊन राहिलेले. परंपरा सांगते की भटोबासांना एकांतात चिंतन करताना पाहून त्यांनी विचारले, आपण काय आठवता? स्वामींच्या लीळा, असे उत्तर आले. त्यावर त्या सर्व लीळा लिहून ठेवाव्यात असे म्हाइंभटांनी सुचविले, आणि भटोबासांनी संमती दिली. रिद्धपूरच्या वाजेश्वरीत हे काम झाले. शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास ते झाले असे सामान्यतः मानतात. ज्यांनी जे पाहिले ते त्यांच्याकडे जाऊन विचारावे, कोठे, केव्हा, कोणापाशी हे निश्चित करावे, आणि भटोबासांच्या पुढे ठेवून ते शोधून घ्यावे, ही म्हाइंभटांची रीत. मराठी गद्याचा आद्य महाग्रंथ अशा रीतीने सिद्ध झाला. विद्वान त्यात भाषा आणि यादवकालीन समाज पाहतात, ते ठीकच आहे. साधकाने आणखी एक पाहावे. एका विरही पुरुषाचे एकट्याचे आठवणे हे त्या दिवसापासून अनेकांचे विचारणे आणि लिहिणे झाले. स्मरण हेच कार्य झाले.

त्या स्मरणाची जातही पाहण्यासारखी आहे. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण करावे असे परमार्गात सांगितले आहे. यांतील एकही गोष्ट मोघम नाही. लीळेत गावाचे नाव असते, माणसाचे नाव असते, ओट्याची बाजू असते. स्थानपोथीत तर देवळाच्या दाराची दिशादेखील नोंदली आहे. मोघम भक्ती लवकर विटते. अमुक गावी, अमुक झाडाखाली, अमुक भक्ताला स्वामी असे म्हणाले, हे ज्याला आठवता येते त्याचे चित्त कोरडे पडले तरी त्याला परतण्यास वाट असते.

हा विचार वासनिकांच्या व्यवसायास लावताना जपून लावला पाहिजे. नोकरी हे मोक्षाचे साधन नव्हे. ती नित्यनेमाने केली म्हणून कोणास ज्ञान होत नाही, आणि तिच्यात गोडी वाटेनाशी झाली म्हणून कोणाचा धर्म बुडत नाही. तथापि वेतन घेऊन काम न करणे हे न दिलेले घेण्यासारखे आहे, आणि ते धर्माच्या कक्षेत येते. समजा, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत द्विशिक्षकी शाळेवर एक वासनिक शिक्षक आहे. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद होते, आवणीच्या दिवसांत मुले शेतावर असतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. पहिल्या वर्षी तो घरोघर फिरला होता. पाचव्या वर्षी तो हजेरीपत्रक भरतो आणि बदलीच्या अर्जाचा विचार करतो. त्याला कोणी कर्तव्याचे व्याख्यान दिले तर उपयोग होणार नाही. ते त्याला पाठ आहे.

त्याने उत्साहाची वाट पाहू नये. जी मुले भट्टीवर गेली त्यांची नावे, ती कोणत्या गावच्या भट्टीवर आहेत, केव्हा परतणार, परतल्यावर कोणता पाठ राहिला असेल, हे त्याने एका वहीत लिहावे. ज्यांना माहीत आहे त्यांना विचारून लिहावे. वर्गात जी सात मुले उरली असतील त्यांना सात म्हणून शिकवावे, पंचवीसमधून गेलेली अठरा म्हणून नव्हे. हे उपाय क्षुल्लक वाटतील. परंतु हरपलेली आस्था बहुधा ‘विद्यार्थी’, ‘समाज’, ‘सेवा’ अशा मोठ्या शब्दांत हरपलेली असते आणि एखाद्या मुलाच्या नावापाशी सापडते. त्यानेही ती न सापडली तर बदली मागण्यात पाप नाही. मात्र तोवरचे दिवस त्या मुलांचे आहेत.

आणखी एक मौज अशी, की साधकाने देशाच्या टोकाला, झाडाखाली, कोणी ओळखत नाही अशा जागी आयुष्य कंठावे, असा सर्वज्ञांचा आदेश आहे. जी जागा भिक्षुकाने शोधून काढावयाची ती वासनिकाला शासनाच्या हुकमाने मिळते आणि तो तिच्याविरुद्ध तक्रार करतो. यावर हसण्याचा अधिकार भिक्षुकांना आहे, असे मात्र समजू नये. शिक्षकाचे वेतन शासन देते. भिक्षुकाच्या झोळीतले अन्न गृहस्थ देतो, आणि ते ईश्वराच्या नावाने देतो. स्मरण न करता ते जेवणे हे हजेरीपत्रक भरून घरी जाण्याहून हलके कसे? ज्याचे विजन रिकामे झाले आहे त्याने कंटाळून अटनास निघण्यापूर्वी स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार साधनांपैकी जे जवळ असेल त्याकडे जावे. स्थान दूर असेल, प्रसाद हाताशी नसेल. परंतु मठातील वृद्ध भिक्षुक शेजारच्या खोलीतच असतात. त्यांची सेवा करावी, आणि त्यांना एखादी लीळा विचारावी. पुष्कळदा असे दिसते की विचारणारा कोरडा असतो आणि सांगणारा सांगता सांगता भरून येतो. मग दोघांचेही स्मरण होते.

म्हाइंभटांच्या ग्रंथाचे पुढे काय झाले हेही या संदर्भात सांगितले पाहिजे. देवगिरीवर १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली, १३०७ मध्ये मलिक काफूर आला, १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपली. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी मार्गाच्या हातून गेली. भटोबास तोपर्यंत राहिले नव्हते, ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांतील बहुतेक गेले होते, आणि ज्या ग्रंथात ते सारे साठविले होते तोही नाहीसा झाला. असन्निधानातील हे आणखी एक असन्निधान होय. आता पुन्हा वाजेश्वरीत बसून कोणास विचारणार? त्या वेळी निराश होण्यास जेवढे कारण होते तेवढे क्वचितच कोणाला असेल.

परंतु ग्रंथ अनेकांच्या मुखात होता. हिराइसांना तो पाठ होता. त्यांनी सांगितला तसा उतरविला गेला. इतरांनीही आपापल्या स्मरणातून पाठ सिद्ध केले. हे पाठ एकमेकांशी अक्षरशः जुळले नाहीत. एका लीळेत एखादे गाव वेगळे आले, कोठे एखादे वाक्य अधिक आले. पूर्वजांनी त्यांतला एक खरा ठरवून बाकीचे जाळले नाहीत. कोणता पाठ कोणाचा हे पोथीच्या आतच नोंदून ठेवले. आज जो अभ्यासक लीळाचरित्राची हस्तलिखिते उघडतो त्याला पानोपानी हे भेद भेटतात, आणि आरंभी त्यांचा त्रास होतो. प्रत्येक भेदामागे कोणी एक बसलेला आहे, ज्याच्यापुढे पोथी नव्हती आणि ज्याने तरीही आठवून सांगितले.