कळ, चमक, ठणका : परिचारिकांच्या मराठीची तोंडी परीक्षा

केरळातून येऊन आपल्याकडच्या रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या परिचारिकांना मी संध्याकाळी मराठी शिकवते. पहिल्या तुकडीची परीक्षा मी लेखी घेतली. विभक्तीचे तक्ते, गाळलेल्या जागा, ‘माझे गाव’वर दहा ओळी. जिला सर्वांत जास्त गुण पडले, तिला पुढच्याच आठवड्यात वॉर्डात एक आजी म्हणाल्या, “सिस्टर, जीव घाबरा होतोय गं.” ‘जीव’ आणि ‘घाबरणे’ हे दोन्ही शब्द तिच्या वहीत होते. आजी घाबरल्यात असं समजून ती “घाबरू नका, घाबरू नका” म्हणत त्यांचा हात धरून बसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी हाक मारून मोठ्या सिस्टरना बोलावलं, म्हणून वेळेवर ब्लड प्रेशर तपासलं गेलं. हे तिनेच मला रडवेल्या आवाजात सांगितलं. तिची यात काही चूक नव्हती. मी तिला जे विचारायला हवं होतं, ते विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी परीक्षा तोंडी घेते. तिची ही कृती.

आधी वॉर्डात एक दिवस काढा. पुस्तक बाजूला ठेवा. सकाळच्या पाळीत एका कोपऱ्यात उभं राहून परिचारिकेला मराठीत काय काय करावं लागतं ते टिपा: नाव-वय विचारणं, कुठे आणि कसं दुखतंय हे समजून घेणं, गोळी केव्हा घ्यायची ते सांगणं, नातेवाइकाला बाहेर थांबवणं. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. दुखणं एकच नसतं. पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, दाढ ठणकते, जखमेची आग होते, पायाला मुंग्या येतात. तापाआधी कसकस वाटते. गोळी ‘उपाशीपोटी’ घ्या असं आपण शिकवतो, पण आजोबा विचारतात, “अनशापोटी घ्यायची का?” ही यादी म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम. जे मोजायचं तेच मोजलं जाणं, याला शिक्षणशास्त्रात सप्रमाणता म्हणतात. माझ्या लेखी परीक्षेत नेमकी तीच नव्हती.

मग गुणांची पट्टी लिहा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यातच. माझी पट्टी २० गुणांची आहे: काम पार पडलं का याला ८, ऐकून समजलं का याला ६, उच्चारांच्या स्पष्टतेला ३ आणि व्याकरणाला ३. प्रत्येक गुणापुढे एक वाक्य हवं. युरोप परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणाची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी ‘अमुक करू शकतो’ अशा वाक्यांत मांडली आहे. तीच रीत उचला. ‘मराठी बरी’ असं लिहू नका. ‘दुखण्याची जागा आणि प्रकार एका उलटप्रश्नात समजून घेते’ असं लिहा.

व्याकरणाला तीनच गुण कसे, असं सहकारी विचारतात. मलयाळममध्ये क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे “आजी गेला” हे पहिले काही महिने ऐकू येणारच, आणि त्याने कुणाचं औषध चुकत नाही. ‘चमक’मधला ‘च’ ‘चहा’तल्या ‘च’सारखा उच्चारला तरी पेशंटला कळतं. उलट ‘ळ’ त्यांच्या भाषेतच आहे. हिंदी भाषकांचा जिथे घाम निघतो, तिथे या मुली पहिल्याच दिवशी ‘वेळ’ आणि ‘कळ’ स्वच्छ म्हणतात. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरकही त्या घरूनच घेऊन आलेल्या असतात. म्हणजे समोरच्याची मातृभाषा माहीत असली, की कुठली चूक वाटेत येणारच आणि कुठली काळजीची, हे कळतं. “उठ आजी” या चुकीला मात्र मी काम पार पडण्यातले गुण कापते. तिथे “उठा” हवंच.

आकड्यांना वेगळं काढा. दीड, अडीच, सव्वातीन, पावणेचार, एकोणसाठ, एकोणसत्तर. आपण जन्मापासून ऐकतो म्हणून आपल्याला यांचा काच जाणवत नाही. ‘पावणेतीन’ ऐकून सव्वातीन लिहिणारी शिकाऊ मुलगी मी पाहिली आहे. दहा आकडे बोलून दाखवा आणि अंकांत लिहायला सांगा. दहाच्या दहा बरोबर आल्याशिवाय उत्तीर्ण नाही, मग बाकी वीसपैकी एकोणीस का असेनात. इतर गुणांनी ही उणीव भरून काढता येत नाही.

पेशंट दुसऱ्या कुणाला करा. वर्गात शिकवणारी बाई परीक्षेत पेशंट झाली की नकळत सावकाश बोलते, वर्गातलेच शब्द वापरते. मी शेजारच्या एका काकूंना बसवते. त्यांना चिठ्ठी देते: ‘कालपासून पोटात मुरडा, रात्री दोनदा उलटी, गोळी घेतली पण नाव आठवत नाही.’ पाठ केलेली वाक्यं नकोत, त्यांनी त्यांच्या भाषेत सांगावं. अशा तीन चिठ्ठ्या सारख्याच अवघड हव्यात. आधी त्या दोन मराठी माणसांवर आणि जुन्या तुकडीतल्या एकीवर करून बघा.

वेळ बारा मिनिटं. पहिली दोन मिनिटं प्रवास, जेवण, ड्यूटी अशा गप्पा, त्यांना गुण नाहीत. मग सहा मिनिटं चिठ्ठीवरचा प्रसंग. पुढची तीन मिनिटं जरा ताणून बघा: काकूंचा मुलगा चिडून आत येतो, “डॉक्टर कुठायत?” म्हणतो. शेवटचं मिनिट पुन्हा सोपं, म्हणजे ती ताठ मानेने बाहेर जाईल. मध्ये ती अडली तर मनात सातपर्यंत मोजा, शब्द पुरवू नका. तिने “पुन्हा सांगा” म्हटलं तर वाक्य एकदा त्याच वेगाने, मग एकदा वेगळ्या शब्दांत. न समजता मान हलवणाऱ्या मुलीपेक्षा पुन्हा विचारणारीला मी समजुतीचे जास्त गुण देते. वॉर्डात मला तीच हवी आहे.

गुण दोघींनी, एकमेकींशी न बोलता द्यावेत. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. दोघींत दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर पुन्हा ऐका. संध्याकाळी आपण थकतो आणि हात आखडतो, म्हणून सगळ्यांचं झालं की सकाळच्या पहिल्या तिघींचं रेकॉर्डिंग परत ऐकून गुण ताडून बघा.

निकालाची चिठ्ठी त्याच आठवड्यात द्या. आकड्याखाली तीन ओळी: काय जमलं, कुठे अडलं, पुढच्या महिन्यात काय करायचं. परवा एकीच्या चिठ्ठीवर मी लिहिलं: ‘दुखणं कुठे आहे हे छान विचारलंत. “मुरडा” कळला नाही तेव्हा पोटावर हात ठेवून विचारलंत, ते फार आवडलं. पावणेचे आकडे रोज दहा, मैत्रिणीकडून ऐकून लिहा.’ आणि प्रसंगाच्या चिठ्ठ्या परत मागून घ्या. या मुली एकाच वसतिगृहात राहतात, पुढच्या तुकडीला नवा पेशंट लागेल.