सागवान महाग का?

कांद्याचा भाव चढला की शेतकरी पुढच्या हंगामात जास्त कांदा लावतो आणि भाव उतरतो. सागाचे तसे नाही. आज लावलेले रोप तोडणीला यायला ५०-६० वर्षे लागतात. त्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर आराखड्याशिवाय जंगलातील वृक्षतोडीस मनाई केली. म्यानमारहून पुष्कळ साग येई. त्या देशानेही १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. दारे-चौकटींची मागणी मात्र थांबली नाही. म्हणून चढलेला भाव लवकर उतरत नाही.

वर्गातला जुना सागवानी बाक पणजोबांच्या वेळच्या झाडाचा असेल. त्यावर कर्कटकाने नाव कोरण्यापूर्वी हा हिशेब आठवा!