आरोग्यपाठ : मुलाच्या डोक्यावरची दुखरी सूज

या अंकातील पाठ आरोग्यरक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आश्रमशाळेतील शिक्षक व अधीक्षक यांच्यासाठी आहे. विषय लहान वाटेल. पण हे दुखणे वेळेवर ओळखले नाही तर मुलाच्या डोक्यावर कायमचे टक्कल राहू शकते. ओळखले तर ते गोळ्यांनी बरे होते. म्हणून मासिक बैठकीत हा पाठ मोठ्याने वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करावी.

पाड्यावरचा अनुभव

जव्हार भागातल्या एका पाड्यावर सहा वर्षांची मुलगी अंगणवाडीच्या ओट्यावर एकटी बसलेली दिसली. डोक्याला फडके गुंडाळलेले. फडक्याला हात लावताच ती किंचाळली. आजी म्हणाली, “ताई, पंधरा रातींपासून पोर त्या कुशीवर झोपत नाही. खवडे झाले, खवडे.”

आधी झाडपाला लावून झाला होता. मग बाजारातल्या दुकानातून आणलेले मलम लावले. खाज दोन दिवस कमी झाली आणि सूज मात्र वाढली. नंतर कोणीतरी गळू समजून चिरा दिला. थोडा पू आला, रक्त पुष्कळ आले, सूज तशीच राहिली. आम्ही पाहिले तेव्हा मोठ्या लिंबाएवढा मऊ उंचवटा होता. त्यावर पिवळ्या खपल्या, केस गळून गेलेले, आणि मानेच्या मागे अवधाणाच्या गाठी.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी दोन-चार केस व खपली काढून तपासली आणि सांगितले, “हे गळू नाही. हा डोक्याचा नायटा आहे, चिडलेला. गोळ्या सहा ते आठ आठवडे घ्याव्या लागतील.”

आई-वडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघायचे होते. आठ आठवडे तिथे गोळ्या कोण देणार, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर पुढे येईल.

हा आजार कोणता?

अंगावर नायटा किंवा गजकर्ण करणारी बुरशी आपल्या ओळखीची आहे. तीच जातीची बुरशी मुलांच्या डोक्यात शिरते तेव्हा ती केसाच्या मुळात जाऊन बसते. बहुधा त्यामुळे कोंडा, खाज आणि केस तुटलेले गोल चट्टे एवढेच होते. पण काही मुलांचे शरीर या बुरशीविरुद्ध फार जोराने लढते. मग तिथे सूज येते, पू येतो आणि ठणका लागतो. डॉक्टर याला ‘केरिऑन’ म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ मधाचे पोळे. पोळे दाबल्यावर जसा छिद्राछिद्रातून मध पाझरतो, तसा इथे केसाकेसाच्या मुळातून पू पाझरतो.

चिरा का देऊ नये हे यातूनच कळते. गळवातला पू एका पोकळीत साठतो, म्हणून चिरा दिला की तो निघून जातो. इथला पू शेकडो केसांच्या मुळांत विखुरलेला असतो. चिऱ्याने तो निघत नाही, उलट व्रण वाढतो. व्रण झालेल्या जागी केस पुन्हा येत नाहीत.

हा संसर्ग मुलाकडून मुलाकडे फणी, टोपी, टॉवेल, उशी आणि केस कापण्याचे मशीन यांतून जातो. जनावरांकडूनही येतो, आणि जनावराकडून आलेली बुरशी विशेष चिडते. त्या मुलीच्या घरी एका वासराच्या डोळ्याभोवती आणि मानेवर राखाडी, खरबरीत गोल चट्टे होते. ती रोज त्याच्या गळ्यात पडून खेळत असे. मांजर-कुत्र्याच्या पिल्लांकडूनही असे होते. हा कोणाचा कोप नाही, आणि आईच्या अस्वच्छतेचा दोषही नाही. हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगावे.

ओळखायचे कसे?

• गळू किंवा केसतूड : एकाच ठिकाणी कडक, लाल, टोक आलेले. त्यावरचे केस सहसा गळत नाहीत.
• केरिऑन : मऊ, दलदलीसारखा उंचवटा. अनेक ठिकाणी पू. त्यावरचे केस नुसत्या स्पर्शाने निघून येतात. मानेमागे गाठी. कधी ताप.
• उवांमुळे झालेले खवडे : खाजवून झालेल्या जखमा, बहुधा मानेच्या वर आणि कानांमागे. केसांवर लिखा दिसतात.
• चाई : गुळगुळीत गोल टक्कल. खपली नाही, दुखत नाही.
• तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची तेलकट खपली : दुखत नाही, बहुधा काही महिन्यांत आपोआप जाते.

शंका राहिली तर एवढे लक्षात ठेवा : लहान मूल, डोक्यावर दुखरी सूज आणि तिथले केस गळलेले, असे दिसले की आधी नायट्याचा विचार करायचा.

मलम का पुरत नाही?

बुरशी केसाच्या मुळात खोल असते. मलम वरच्या कातडीवर राहते, तिथवर पोहोचत नाही. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून केसाच्या मुळाशी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ग्रिसिओफुल्विन ही गोळी वापरात आली. त्याआधी या आजारावर मुलांच्या डोक्याला एक्स-रे देऊन सगळे केस पाडत असत, कारण कोणतेही मलम मुळाशी जात नव्हते. आज साध्या गोळीने काम होते, तेव्हा मलमावर महिने घालवू नयेत.

दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी अनेक ‘मिक्स’ मलमे स्टेरॉइडची असतात. त्यांनी खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र पसरत जाते. बिब्बा, चुना, बॅटरीची पूड, रॉकेल यांनी कातडी भाजते. यांतले काहीही लावू देऊ नका. भगताकडे जाणाऱ्या कुटुंबाशी वाद घालू नये. “त्यांच्याकडे जा, पण डोक्याला काही लावू नका आणि गोळी चुकवू नका,” असे सांगितले की लोक ऐकतात.

उपचार पूर्ण कसा करायचा?

1. मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथून गरजेप्रमाणे त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवतील. गोळीचे प्रमाण वजनावर ठरते, म्हणून अंगणवाडीत केलेले ताजे वजन लिहून न्या. पूर्वी कावीळ झाली असेल किंवा दुसरे औषध चालू असेल तर तेही सांगा.

2. ग्रिसिओफुल्विन साधारण सहा ते आठ आठवडे लागते. टर्बिनाफिन दिले तर बहुधा चार आठवडे, कधी जास्त. कोणते द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. ग्रिसिओफुल्विन स्निग्ध पदार्थाबरोबर घेतले की अंगी लागते. दूध नसेल तर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ल्यावर द्या.

3. सूज उतरली म्हणजे बुरशी गेली असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ठणका थांबतो आणि इथेच बहुतेक घरांत गोळ्या बंद होतात. भिंतीवर आठवडी बाजाराच्या रेघा ओढा. ठरलेले सगळे बाजार होईपर्यंत गोळी चालू.

4. गोळ्या सुरू झाल्यावर कधी अंगावर बारीक खाजरे पुरळ येते. बुरशीविरुद्ध लढताना शरीर असे करू शकते. घाबरून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

5. खपल्या ओढू नका. कोमट पाण्यात भिजवलेले मऊ फडके ठेवून त्या सैल करा. वस्तऱ्याने गोटा करायची गरज नाही. डॉक्टरांनी बुरशीचा शाम्पू दिला तर तो आठवड्यातून दोनदा, आणि त्यांनी सांगितल्यास घरातल्या इतर मुलांनाही लावा. त्याने संसर्ग पसरणे कमी होते, पण तो गोळीची जागा घेत नाही.

6. घरातल्या सर्वांची डोकी उजेडात बघा. वासराला चट्टे असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि तोवर मुलांना दूर ठेवा.

खूप ताप, डोळ्यापर्यंत आलेली सूज, मूल सुस्त पडणे किंवा काहीच न खाणे, यांपैकी एक जरी दिसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आश्रमशाळेसाठी

असे मूल सापडले की त्याला घरी धाडून मोकळे होऊ नये. उपचार सुरू झाल्यावर शाळेत बसायला हरकत नाही. घरी गेलेल्या मुलाच्या गोळ्या चुकतात, शाळा सुटते आणि कधी ते परत येतच नाही. त्याची फणी, टॉवेल, उशी वेगळी ठेवा. पांघरुणे धुऊन कडक उन्हात वाळवा. शेजारच्या अंथरुणावरच्या मुलांची डोकी तपासा. केस कापणाऱ्याला मशीन प्रत्येक मुलानंतर स्वच्छ करायला लावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा चट्टे असलेल्या मुलांची यादी तयार ठेवा. “टकला” म्हणून कोणी चिडवत असेल तर वर्गात सर्वांना समजावून सांगा. सुजेपेक्षा ते चिडवणे मुलाला जास्त लागते.

मुलीचे पुढे काय झाले?

आई-वडिलांचे भट्टीवर जाणे चुकणार नव्हते, उचल आधीच घेतलेली होती. शेवटी आजी म्हणाली, “पोर माझ्याजवळ ऱ्हाईल.” गोळ्यांची पिशवी अंगणवाडी सेविकेने स्वतःकडे ठेवली आणि रोज आहार वाढताना एक गोळी समोर खायला घातली. सुटीच्या दिवशी आजी ओट्यावर येऊन गोळी घेऊन जाई. आठवे बाजार झाले तेव्हा सूज नव्हती आणि बारीक केस उगवू लागले होते. जिथे चिरा दिला होता तिथे रुपयाएवढी जागा आजही मोकळी आहे. ती वेणी त्यावरून घालते. पंधरा दिवस आधी कोणी फडके सोडून पाहिले असते, तर कदाचित तीही जागा राहिली नसती.

बैठकीतील प्रश्न

1. आपल्या पाड्यावर डोक्याला फडके बांधलेले मूल आहे का? ते शेवटचे कोणी सोडून पाहिले?
2. केरिऑनला चिरा का देऊ नये, हे आजीला समजेल अशा शब्दांत सांगा.
3. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबातील मुलाच्या गोळ्या पूर्ण व्हाव्यात म्हणून आपल्या गावात कोण काय करू शकेल?