लॉन लावताय? आधी नक्षत्र पाहा

नवं घर झालं की समोर लॉन हवंच, असं आता भंडाऱ्याकडेही होऊ लागलंय. मग घरात चर्चा सुरू होते: गवताच्या तयार गाद्या आणायच्या की बी टाकायचं? आमच्याकडे हा निकाल वास्तुपूजनाच्या तारखेने दिला. मुहूर्त अक्षय तृतीयेचा. तोवर अंगण हिरवं दिसायला हवं, म्हणजे गाद्याच.

ट्रक भर दुपारी आला. एकावर एक रचलेल्या गाद्यांच्या मधल्या थरात हात घातला तर चांगलीच ऊब लागली. पूजेच्या दिवशी अंगण देखणं दिसलं, पाहुण्यांनी फोटोही काढले. पण कडक उन्हाचा नवतपा सरेपर्यंत सांधे उघडे पडले, कडा वर वळल्या आणि गवताचं तणस झालं. एक गादी उचलून पाहिली. तिच्याखाली बोटभर लाल माती, त्याखाली आमची कन्हार, म्हणजे काळी माती. मुळं लाल थरातच फिरत राहिली होती. काळ्या मातीला भेगा पडल्यावर पाणी त्या भेगांतून खाली जायचं आणि वरचा थर कोरडाच राहायचा.

परसात मृगात हरळीचं बी टाकलं. हे बी फार बारीक, उगवायला दोन-तीन आठवडे घेणारं. त्याआधीच मोठा पाऊस आला आणि बी वाहून कुंपणाच्या कोपऱ्यात साचलं. उरलेल्या जागेत हरळीच्या आधी मोथ्याचं तण वर आलं.

शेवटी पुनर्वसूत, धानाचा रोवणा चालू असताना, ओळखीच्या बायांनीच वाट दाखवली. धुऱ्यावरची हरळी मुळासकट उपटून तिच्या काड्या त्यांनी चिखलात चार-चार बोटांवर खोवल्या. दिवाळीच्या सुमारास परस भरून आलं. खर्च झाला तो मजुरीचाच.

या साऱ्यातून निघालेल्या गोष्टी अशा:

जमीन आधी. उन्हाळ्यात फूटभर खोल खणून ढेकळं उन्हात तापू द्या आणि मोथ्याच्या गाठी वेचून काढा. नंतर पाणी देऊन तण उगवू द्या, उपटा; हे दोनदा करा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, कच्च्या खतातून तणाचं बी येतं. कन्हार जमिनीत रेती आणि खत मिसळा, आणि पाणी घराकडे न येता बाहेर जाईल असा हलका उतार ठेवा.

गाद्या घ्यायच्याच असतील तर मोठा पाऊस ओसरल्यावर, हस्ताच्या सुमारास घ्या. खालची माती भुसभुशीत आणि ओली हवी. ट्रक आला त्याच दिवशी अंथरा, सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवा, वरून रूळ फिरवा. एक गादी उलटून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका: मुळं पांढरी हवीत आणि मोथ्याची गाठ दिसायला नको.

बी स्वस्त पडतं. 1000 चौरस फुटांना पाव ते अर्धा किलो पुरतं. पण त्याला सपाट जागा, बारीक झारीचं पाणी आणि रोजची नजर लागते. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीअखेर पेरा. पाकिटावर केंटकी ब्ल्यू, फेस्क्यू किंवा राय असं लिहिलेलं असेल तर ते थंड हवेचं गवत आहे. आपल्या 45 अंशांच्या मे महिन्यात ते टिकत नाही.

आंब्याखाली हरळी लावू नका, तिला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागतं. थंडीत ती पिवळी पडली तर खतांचा मारा करू नका, ऊन वाढलं की ती आपोआप हिरवी होते.

पाण्याचा हिशेबही आधीच करा. 1000 चौरस फुटांवर फक्त 5 मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तरी सुमारे 465 लिटर लागतं. तलावांच्या जिल्ह्यातही मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. म्हणून लॉन लहान ठेवा. बाकी जागेत फरशी, झाडं, भाजीचे वाफे करा.

माझं मत विचाराल तर भंडाऱ्यात गादी आणि बी या दोन्हींपेक्षा रोवण्याच्या दिवसांत खोवलेली हरळी बरी. आणि वास्तुपूजनाच्या तारखेसाठी लॉन कधीच लावू नका. त्या दिवशी सडा, रांगोळी आणि चार कुंड्या पुरतात.